चौथ्या घरातला

पत्रिकेत माझ्या चौथ्या घरात मंगळ.
सहा स्थळं त्यानं परतवली, म्हणे;
सातव्याची आई चहा न घेताच उठली.

आज वेताळ टेकडीवर
रेवती खांबेटेच्या दुर्बिणीत
सापडला तो:
मसुराच्या डाळीएवढा, थरथरता,
टोकाला बर्फाचा पांढरा ठिपका.

“गंजलाय गं सगळा,” ती म्हणाली,
“लोखंडाची धूळ. सूर्यास्त मात्र निळा.”

गंज मला ओळखीचा.
बाबांच्या सदऱ्याच्या बाहीवर बसून
भोसरीच्या लेथवरून रोज घरी यायचा.

खाली कोथरूडचे दिवे.
पुन्हा डोळा लावला.
सूर्यापासूनही हा चौथ्याच घरात!

बघता बघता भिंगाच्या कडेशी सरकला,
गेला.
“तो नाही गं, आपण फिरतोय,”
रेवती म्हणाली,
आणि नळी बोटभर ढकलली.