खाते क्रमांक २१४

गुरुदास शिरवईकरांच्या अकरा वह्या
मी ताळगावच्या पठारावर आणल्या,
स्कूटरच्या डिकीत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून.
कुडचड्याच्या बाजारात ते पिग्मी गोळा करत:
न्हावी, सोडावाला, टायरवाला, पोदेर,
रोजचे दहा, वीस, क्वचित पन्नास.
सहाशे अकरा खाती.
साडेसात महिने मी आकडे संगणकात भरत होते.
त्यांचा एक आणि नऊ सारखाच दिसतो
हे कळायलाच पहिला महिना गेला.

प्रश्न साधा होता.
खाणी बंद होतात, ट्रक उभे राहतात,
तेव्हा माणूस आधी काय सोडतो,
चहा की बचत?
उत्तरही आलं. बचत, अडतीस टक्क्यांनी.
आकड्याशेजारी दोन तारे,
म्हणजे हा योगायोग नव्हे, असं आम्ही मानतो.

फक्त दोनशे चौदा खाली येईना.
पिएदाद फर्नांडिस, ऑमलेटचा गाडा, रेल्वे फाटक.
गिऱ्हाईक ट्रकवाले. दुसरं कोणी नाही.
गाडा सोळा महिने ताडपत्रीखाली
आणि वहीत रोज वीस.
चवथीला वीस. शिगम्यात वीस.
आलेखात तेवढी एक रेघ सपाट,
बाकीच्या सगळ्या उतारावरून घसरलेल्या.
सर म्हणाले, नोंदीची चूक असणार. वगळ.
सहाशेत दोन-चार निघतातच.

वगळण्याआधी वह्या पुन्हा उघडल्या.
वहीचा क्रम म्हणजे त्यांच्या पायांचा क्रम:
न्हाव्यापासून सुरुवात, फाटकापाशी वळण,
शेवटी मासळी बाजार.
दोनशे चौदा नेहमी वळणावर.
त्या सोळा महिन्यांत मात्र ते पानाच्या तळाशी,
बेरजेच्या रेघेच्या अगदी वर.
शाई वेगळी. घरच्या पेनाची.

शिरवईकर आता निवृत्त. ओसरीवर सुपारी कातरत होते.
विचारलं तेव्हा आधी अडकित्ता खाली ठेवला.
"एक दीस चुकलो की संवय मोडटा, बाये."
मग हिशेब दिला, जणू मी बँकेकडून आलेली तपासनीस:
वीस रुपये त्यांच्या खिशातले,
त्यावर तीन टक्के कमिशन, म्हणजे साठ पैसे,
तेही घेतले. नियम तो नियम.
तिला माहीत आहे?
खांदे उडवले. "तिका विचार."

गेले. गाडा सुरू होता.
रस-ऑमलेट, वर कांदा, लिंबाची फोड, दोन पाव.
प्रश्नावली पिशवीत होती, ती बाहेर निघाली नाही.
"शिरवईकारान धाडलें तुका?"
एवढंच विचारलं तिनं. मी मान हलवली.
तिनं पैसे घेतले नाहीत.

रात्री दोन्ही गणितं चालवली.
दोनशे चौदा धरून अडतीस.
दोनशे चौदा सोडून अडतीसच,
दुसऱ्या दशांशात काहीतरी हललं.
तारे जागच्या जागी.
सर म्हणतील, बघ, निष्कर्ष किती भक्कम आहे.
आहेच.

तरी आता मी प्रत्येक पानाचा तळ आधी बघते.
आणखी तीन सापडली.
एक सायकल दुरुस्तीवाला, एक फुलवाली,
एकाचं नाव पाण्यानं पुसलेलं.
त्या दिवसांत गुरुदास शिरवईकर स्वतः
महिन्याला काय कमावत होते,
ते माझ्याकडे नाही.
ते विचारायचं कुणी ठरवलंच नव्हतं.

तक्त्यात एक रकाना वाढवलाय.
कोऱ्या शीर्षकाचा रकाना संगणक घेत नाही,
काहीतरी नाव द्यावंच लागतं,
छोटं, मधे जागा न सोडता.
अडीच वाजलेत. पठारावर कुणाचं तरी कुत्रं भुंकतंय.
सध्या तिथं लिहिलंय: शाई.