ठासणीची

मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत,
जिथं दारोदार भोपळे वाळत टाकलेले,
दस्तगीर शिकलगार जोत्यावर बसतात.
त्यांच्या भावकीनं कधीच लोखंड सोडून तार धरली.
हे एकटेच अजून दोन्हीकडचे.

मणदुरातून आम्ही पहिल्या एसटीनं निघालो होतो.
मी, इठाबाई, आणि दोघांच्या मधे
गोधडीच्या खोळीत उभी तिच्या नवऱ्याची बंदूक.
कंडक्टरनं परवाना उलटापालटा करून बघितला,
तिकिटं दोनच फाडली.

इठाबाईचं म्हणणं पंधरा हजार.
“सतरा डुकरं पडली हिनं. आख्खं मणदूर सांगंल.”
माझं म्हणणं सात.
भुईमूग माझ्याआधी डुकरंच काढतात दर साली,
पण गाठीला सातच होते.
“तुमचं दोघांचं ठेवा बाजूला,” दस्तगीर म्हणाले,
“हिचं काय म्हणणं आहे बघू.
अशीला बाजारात नऊ आहेत. तिथून धरू.”

घोडा मागं ओढला. दोन खटके, दोन्ही स्वच्छ.
दस्त्याला चीर, पितळी तारेनं आवळलेली. हजार गेले.
निपली लेथवर करून घेतलेली, गावठी. दोनशे.
नळीवरचा नंबर परवान्याशी ताडला
एकेका आकड्यावर बोट ठेवून, पाढा म्हणावा तसा.
मग गज नळीत सोडला,
तोंडाशी नखानं खूण धरली,
बाहेर काढून नळीला शेजारी लावला.

चार बोटं कमी.

त्यांनी बंदुकीचं तोंड सावकाश भिंतीकडं फिरवलं.
“बाई, मालकांना जाऊन किती झाली?”
“नऊ.”
“नऊ वर्षं ही भरलेली आहे.”

आतल्या खोलीत कुणी जवारी काढत होतं. तेवढाच आवाज.
भरलेली! चुलीवरच्या आढ्याला टांगलेली,
दर निवडणुकीला ठाण्यात जमा होऊन
पावतीवर शिक्का घेऊन परत आलेली.

निपलीतून कोमट पाणी सोडलं. बराच दम धरला.
गजाला मळसूत्र लावून वरचा बोळा उपसला,
मागून छर्रे, पुन्हा बोळा,
आणि शेवटी काळा चिखल, पूर्वी दारू असलेला.
बोळा खणाचा निघाला. जांभळा, काठाला पिवळी नक्षी.
“उंदरांनी नेली म्हणाला होता,” इठाबाई बोलली,
“माझी चोळी.”

नळी पुसून दस्तगीरांनी आरशानं आत उजेड टाकला,
बघत राहिले, मग मला बघायला लावलं.
एक लांब निळसर वाट, कुठंच काळवंडलेली नाही,
तळाशी तेवढी गंजाची कडी. तिचे तीनशे.
मग नळीला गजाची टिचकी मारली.
जवारी थांबली. आतून पोरगं ओरडलं,
“काळी दोन! जराशी उतरलीय.”
“म्हणजे तडा नाही,” दस्तगीर म्हणाले,
आणि खाली बघत,
“बाई, ही उडालेलीच नाही. फार तर एकदा, दुकानात.”

इठाबाईनं बोळा पिळला,
पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.
“जखमी होऊन रानात जाऊन मरत्यात, म्हणायचा.
रात्रभर माळ्यावरनं नुसता डबा बडवायचा.
मला वाटायचं, दारू वाचवतोय.”

कोरी नळी, दोन हजार जादा.
असे साडेनऊ झाले.
ज्या थापेनं पंधरा मागितले होते
ती उघडी पडली, आणि त्याचेच दोन हजार आले.
कुणी घासाघीस केली नाही.
सात आत्ता, अडीच काढणीला,
कलेक्टर कचेरीतून कागद होईपर्यंत बंदूक ठाण्यात.

शिराळ्याच्या स्टँडवर चहा घेतला.
इठाबाईनं बशीत फुंकर घातली, विचारलं,
“गावात कुणी पुसलं तर?”
मी म्हणालो, “सतराच.”

त्याचे तिनं वेगळे पैसे लावले नाहीत.