दहा बाय अकरा

टेपनं दोनदा मोजली खोली.
दहा बाय अकरा, तीही पुरती काटकोनात नाही.
दारामागच्या कोपऱ्यात भिंत चार बोटं आत येते,
गवंड्याची चूक की चिऱ्याचा हट्ट, कोण जाणे.
लाल जमिनीवर खडूनं दोन चौकोन काढले,
इथं एक, तिथं एक,
आणि मागं, दोन्हींपासून सारख्या अंतरावर, माझी खुर्ची.
कुमुद म्हणाली, "लगोरी मांडताय?"

वीजखात्यात मीटर वाचत गेलं आयुष्य.
लोकांच्या पडव्यांत वाकून आकडे लिहिले.
निवृत्तीच्या पैशातून मुलीचं, छपराचं, दातांचं वजा जाता
उरले चाळीस हजार.

मडगावला आग्नेलच्या दुकानात
उभे स्पीकर ओळीनं उभेच होते,
वरपक्षाकडच्या मंडळींसारखे, कोटाची बटणं लावून.
पहिली जोडी बासष्ट हजारांची.
"पयशे मागीर दी," म्हणाला, आणि लावली.
खर्जात दुकानाची काच थरथरली.
भारदस्त आवाज. प्रत्येक सुरामागं जणू सरपंच उभा.
पण दहा बाय अकरात एवढा खर्ज सोडला
तर खोलीचंच घुमट होईल
आणि आपण आत, कातड्याखाली.

दुसरी पैशात बसत होती.
चकचकीत. तिच्यात स, श, ष
तिन्ही फोडणीत टाकल्यासारखे तडतडले.

तिसरी मागच्या खोलीत, पुठ्ठ्यावर.
वास्कोचा कुणी बोटीवरचा माणूस विकून गेलेला.
माझ्या कमरेइतकी उंच, अंगानं सडपातळ,
एका पेटीचा कोपरा खरवडलेला.
छत्तीस हजार.

मी खिशातून पेनड्राइव्ह काढला.
त्यात एकच रात्र आहे.
कवळ्याचा उत्सव, पुंडलीकबुवांची बागेश्री,
पेटीवर मी, वय सव्वीस.
बुवा धैवतावर रेंगाळले होते
आणि माझं बोट घसरलं.
कोमल निषादाच्या जागी शुद्ध.
पाव मात्रा, फार तर.
पुढच्या वर्षी पेटीवर दुसरा कोणी होता.
त्याच्या पुढच्या वर्षीही.
"कुणाला कळलंसुद्धा नसेल," असं कुमुद चौतीस वर्षं म्हणते,
आणि घरच्या टेपवर खरंच कळत नाही.

पहिल्या जोडीनं ती चूक पोटात घातली.
दुसरीवर चमकली, पण पेटीसारखी नाही,
पडलेल्या चमच्यासारखी.
तिसरीवर आली.
माझ्या बोटाच्या रुंदीची, जशीच्या तशी.
आग्नेल पावतीपुस्तकातून मान वर काढून म्हणाला,
"आयक मरे, हांगा कितें तरी चुकलां."
"चुकलंच आहे," म्हटलं. "हीच द्या."

टेम्पोत मागं बसून आणली,
बोरीच्या पुलावर दोघींना दोन हातांनी धरून,
इस्पितळातून घरी नेतात तशी.

मग आठवडा गेला.
भिंतीपासून दीड हात पुढं ओढली.
पाठीच्या भोकांत जुने मोजे कोंबले, घुमणं कमी झालं.
खाली चटई. खिडकीला जाड चादर.
तरी मंद्र षड्ज लागला की लोखंडी कपाट ओ देतं.
दाराच्या फटीत बिलबुकाचा पुठ्ठा घातला,
आता कुजबुजतं नुसतं.

काल रात्री साडेदहाला,
रस्त्यावरची शेवटची बस गेल्यावर, लावलं.
धैवत. माझं बोट. शुद्ध निषाद.
आणि त्याच्या मागून, माइकपासून दूर,
डाव्या पेटीच्या जरा आतल्या बाजूला,
हलकेच कुणीतरी: "आसूं."

मागं नेलं. पुन्हा.
"आसूं."
कुमुद म्हणाली, "खुर्ची सरकवली असेल कुणी."
मंडपात खुर्च्या नव्हत्या, जाजमं होती.
"मग खोकला असेल."
असेल.

ती दिवा न लावता चटईच्या कडेला बसली.
मी उठून डावी पेटी चार बोटं आत वळवली,
खडूचा चौकोन पायानं पुसला.
"हां," ती म्हणाली, "लावा परत.
आणि त्या कपाटाला आधी गप्प करा."