एक इंचाला एक मैल

जुन्या बाजारात रविवारी साठ रुपयांना मिळाला,
कुलपं आणि ग्रामोफोनच्या सुया यांच्यामध्ये.
मागे कापड डकवलेलं, घड्यांवर विरलेला,
पौडच्या वरचे डोंगर, गोऱ्या साहेबाच्या स्पेलिंगमध्ये.

रात्रपाळीला ढेबेमामा असतात गेटवर.
त्यांच्या केबिनमधल्या टेबलावर पसरला,
एका कोपऱ्यावर टॉर्च, एका कोपऱ्यावर चहाचा थर्मास.
अक्षर येत नाही त्यांना.
मी म्हटलं, या तपकिरी रेषा जवळजवळ आल्या की चढ समजायचा.
‘आसं व्हय,’ म्हणाले, आणि गुडघा चोळला.

मग बोटानेच निघाले.
नदीपासून, तुटक रेषेच्या पायवाटेने,
हिरड्याच्या झाडीतून वर,
मध्ये एकदा थांबले. का, ते विचारलं नाही मी.
डोंगरमाथ्यावर एक आकडा होता, २८४७.
काय हे?
समुद्रापासूनची उंची.
‘समिंदर?’ मामा इतके हसले
की समोरच्या विंगमधलं कुत्रं भुंकलं.
‘हितं आमी म्हशी बांधायचो.’

ओढा मात्र तुटक दाखवलेला, काळ्या टिंबांचा.
कोरडा, असं खाली खुणांच्या यादीत लिहिलंय.
‘कवा आलता हा मोजणारा?’
साल सांगितलं. महिना नव्हता.
‘वैशाखात आला आसंल.
श्रावणात याचा व्हता. वाहून गेला आसता काठीसकट.’

आकड्याच्या बाजूला तीन पोकळ चौकोन,
मोहरीएवढे.
यादीत शोधलं, वाचून दाखवलं:
झोपड्या, तात्पुरत्या.

मामा काही बोलले नाहीत.
एक गाडी आली, उठून फाटक उघडलं,
नंबर वहीत काढून घेतला चित्रासारखा,
परत येऊन बसले.

‘माजा बाप तितं जल्मला,’ म्हणाले.
‘त्याचा बाप बी. आन् मी.
तीन घरं बरुबर हायती पर.
मधलं आमचं.’

चहा ओतला झाकणात, मला आधी.
नकाशाची उजवी कड जिथे संपते
तिथे नुसतं माळरान, एक विहीर, एकच झाड.
मी मैलांचा हिशेब केला बोटांच्या पेरांवर,
दोनदा केला.
विहीर येत होती बी विंगच्या पार्किंगखाली,
आणि झाड
साधारण आम्ही बसलो होतो तिथे.

सांगावं की नाही, ठरेना.
मामा अजून मधल्या चौकोनावर बोट ठेवून होते,
उचललं तर उडून जाईल असं.