सरासरी

महापेच्या सातव्या मजल्यावर माझ्या वाट्याला दोन देश आले:
चाड, आणि त्याच्या बांधाला बांध लागून
मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक.
चाळीस वर्षांची वीज. दोन रेघा.
खाली दीडशे शब्द, कोण पुढे गेलं त्याचे.

चाड तांबडा. त्याची वीज तेल जाळून.
दुसरा निळा. त्याच्याकडे एक धबधबा आहे, बोआलीचा,
आणि राजधानीपर्यंत गेलेल्या तारा.
पुष्कळ वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून,
कधी हा बोटभर वर, कधी तो.
मग तांबडा सुटला.
नीळकंठ सर म्हणाले, तुलनेला भारत टाकून बघ.
टाकला. दोघेही तळाला चिकटले
पातेल्याला लागलेल्या दुधासारखे.
काढला परत.

शेजारी एक बिनखिडक्यांची इमारत आहे.
आत माणसं नाहीत, नुसते सर्व्हर
आणि त्यांना गार ठेवणारे पंखे, रात्रंदिवस.
तिला वर्षाला किती युनिट लागतात, मला ठाऊक नाही.
माझ्या निळ्या रेघेत ते मावतील का, हेही नाही.

घणसोलीला, घरी, लॅपटॉप उघडा राहिला होता.
बाबा जेवता जेवता वाकले.
एकतीस वर्षं मीटर वाचले त्यांनी, रबाळे ते दिघा,
तीन सेलची बॅटरी काखेत धरून.
इंग्रजी येत नाही. आकडे येतात.
खरकटं बोट पडद्यापासून वीतभर लांब धरून म्हणाले,
"बाय, ह्यो आकरा पाच वरसं त्योच कसा?"
वाढ नाही, घट नाही, म्हटलं. स्थिर आहे.
"थिर नाय. कोनी वाचाला गेलाच नसंल."

मग हात वाळेपर्यंत ताटावरच सांगत राहिले.
कुलूप असलं, कुत्रा असला,
किंवा नुसता पायाला चिखल नको असला
की वहीत लिहायचं 'दार बंद'
आणि मागची सरासरी पुढे ढकलायची.
दिघ्याला एक टोकेकर बाई होती, शिवणकाम करायची.
सहा महिने सरासरी लावली तिला.
सातव्या महिन्यात गेले, तर तार खांबावरच तुटलेली.
"ती कंदिलाव टाके घालं,
आन् मी तिच्या नावाव उजेर लिवत व्हतो."
बिलं तिनं भरली होती. सगळी.

त्या पाच वर्षांत तिकडे काय झालं ते रात्री शोधलं.
थोडं सापडलं. बंदुका, आडवे पडलेले खांब.
दीडशे शब्दांत ते बसेना.
तेवढ्यापुरती निळी रेघ मी तुटक केली.

सकाळी सरांनी विचारलं, प्रिंटर बिघडलाय का?
नाही, म्हटलं. दार बंद होतं.
त्यांनी ती सलग करून घेतली.

बाबा अजून विचारतात, मधूनच, चपला घालताना:
तिकरच्या मिटरवाल्याचं नाव काय गो?