आढळलं नाही

डबा उघडलेला होता, म्हणून नियमाप्रमाणे मी घेणार नव्हते.
सीलबंद हवा, एकाच बॅचचे तीन हवेत,
सोबत अर्ज, पावती, हेतू.
हेतूच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: पोरगी.

राजकुमार हेडाऊ, गोळीबार चौक.
यंत्रमागाचा कापूस अजून भुवयांत.
"म्याडम, याच्यात बदललेलं सोयाबीन राह्यते म्हणते शेजारचा.
मले एवढंच सांगा,
बदललं कोनं? आन् तिले न इचारता कायले?"

पोरगी सात महिन्यांची.

कूलर घरघरत होता, ओल्या गवताचा वास सोडत.
बाहेर सिव्हिल लाइन्सचा रस्ता
शेचाळीस अंशांत पांढरा पडलेला.
झाकणावर एक मरून टिकली,
रात्री तोंड धुताना काढून
हाताशी जे होतं त्यावर चिकटवलेली.
मी डबा ठेवून घेतला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
दोनशे मिलीग्रॅम भुकटी तोलली.
तो तराजू श्वासानंही हलतो.
इतकं उकळलेलं, फवारून वाळवलेलं हे पीठ,
की त्यात शेंगेची आठवण उरलीच असेल
तर तुटक्या धाग्याएवढी.
आधी सिद्ध करायचं की सोयाबीन होतं,
मग विचारायचं, कोणतं होतं.
माणसांच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा धरतो.

यंत्र पंच्याण्णव अंशांना धागा उकलतं,
साठला जोडतं,
पुन्हा उकलतं.
पंचेचाळीस फेऱ्या.
त्याच्या मागावर धोटा असाच जात-येत असेल,
फक्त तिथे शेवटी लुगडं निघतं.

दोन तास बसून राहायचं असतं, तेव्हा नको ते आठवतं.
माझा अद्वय ह्याच कंपनीच्या डब्यावर वाढला.
"हिला दूधच नाही" म्हणताना सासूबाईंनी
आवाज खाली घेतला होता,
जणू मी ते कुठेतरी विसरून आले.
दिवसभर मी लोकांचे डबे तपासायचे
आणि पहाटे तीनला, स्वतःच्या स्वयंपाकघरात,
लेबलसुद्धा न वाचता
सपाट चमचे मोजायचे. तीन. चार. चार झाले का?
झोपेत आकडा सुटायचा, पुन्हा पहिल्यापासून.

पडद्यावर ओळखीच्या नमुन्याची रेघ
चोविसाव्या फेरीला उठली, उठायला हवी तशी.
पाण्याची रेघ आडवी.
सोयाबीन होतं: एकतिसाव्याला, दमून.
आणि त्याची रेघ, म्हणजे तिची,
अडतीसपर्यंत निपचित,
मग झोपलेल्या बाळानं भुवई उचलावी
एवढीशी हलली.
दुसऱ्यांदा लावलं. हलली नाही.
तिसऱ्यांदा लावलं नाही मी.

आमच्याकडे शब्द ठरलेला आहे: आढळलं नाही.
"नाही" एवढंच लिहायची मुभा नाही.
त्या दोहोंच्या मधे जी जागा आहे
तिथेच माझा पगार होतो.

फोन केला तेव्हा माग चालू होते.
"हे बघा, आमच्या यंत्राच्या मर्यादेत..."
"मोठ्यानं बोला!"
"ठरावीक प्रमाणाच्या खाली असेल, तर..."
"काय म्हणता?"
रिकाम्या प्रयोगशाळेत मी ओरडले:
आढळलं नाही!
खडखडाटानं पहिला शब्द खाल्ला असणार.
"नाही ना? बस झालं," तो म्हणाला,
आणि तिकडे कुणाला तरी ओरडून सांगितलं, नाही म्हणते!

मी पुन्हा फोन लावायला हवा होता.

डबा न्यायला तो आला नाही. नवा आणला असेल.
नमुना सहा महिने जपायचा असतो;
तोवर ती भिंत धरून उभी राहील,
वरणभात खाईल, माती खाईल.
चिठ्ठी लावायला झाकण पुसलं,
टिकली निघाली नाही,
तिच्या कडेनंच बॅच क्रमांक लिहिला.