चोपन्नावी

जिन्याखालच्या खोलीवर पाटी होती : समुपदेशन कक्ष.
आम्हाला तो शब्द धड म्हणता यायचा नाही,
म्हणून आम्ही त्याचं केलं समुद्र.
"आज कोण गेलंय समुद्रावर?"
असं विचारायचो नाशिकरोडला,
जिथून खरा समुद्र चार तास लांब.

आत दोन खुर्च्या, तारा तुटलेल्या रॅकेटी,
नकाशांच्या गुंडाळ्या
आणि ब्रिजिता दुशिंग टीचर.
सकाळी भूगोल, मधल्या सुट्टीनंतर आम्ही.
टेबल त्यांनी भिंतीला सरकवून ठेवलेलं.
मधे काही नको म्हणायच्या,
शेंगदाण्यांचा डबा सोडून.

"काय झालं" असं कधी विचारलं नाही.
"जेवलीस का" विचारायच्या.
मी हो म्हटलं की
डबा इंचभर माझ्याकडे यायचा.

आप्पांची चहाची गाडी नोट प्रेसच्या गेटावर.
आत नोटा छापत,
बाहेर आप्पा सुटे शोधत.
म्हणून मी नववीत आले ती नोव्हेंबरात, फी जमल्यावर.
हजेरीत सगळी नावं टाइप केलेली,
माझं खाली, पेनानं :
चोपन्न.

सिरिल पहाटेच्या मिस्साला वेदीवर सेवा करायचा.
त्यानंच फोडलं :
टीचरच्या माळेत त्रेपन्न नमो मरिये,
वर्गात त्रेपन्न पोरं,
एकेका मण्याला एकेक रोल नंबर धरतात,
ओठांवर वाचता येतं.

मी भांडायलाच गेले.
माझा मणी कुठाय?

टीचर चष्मा पुसत बसल्या, बराच वेळ.
"तुझ्याआधी माळ संपते ना,
मग पहिल्यापासून परत धरते.
आणि धरलेली माळ अर्ध्यात ठेवायची नसते.
तुझ्यापायी अख्ख्या वर्गाला दोनदा मिळतं.
कुणाला सांगू नकोस, माजतील."

मला त्यांच्या देवातलं काही कळत नव्हतं,
आमच्याही नाही.
पण माझ्यापायी घरात नेहमी काहीतरी कमी पडायचं.
जास्तीचं हे पहिल्यांदाच ऐकलं.

दहावीत, बाळ येशूच्या यात्रेच्या शनिवारी
खोली बंद होती.
टीचर रांगेतल्या लोकांना पाणी देत उभ्या होत्या,
वर्षातली एक सुट्टी.
एकतीस नंबरचा वरद निरभवणे आला,
कडी वाजवून बघितली.
शिपाई म्हणाला, सोमवारी ये.

सोमवारी बाक रिकामा.

कोण काय म्हणालं ते मी इथे लिहिणार नाही.
टीचर वर्गात आल्या, नकाशा टांगला,
गोदावरीवर बोट ठेवलं
आणि तास संपेपर्यंत बोट तिथंच.

मंगळवारी त्या शिलाई मशीनचा पेचकस घेऊन आल्या.
खोलीची कडी काढली. बाहेरची, मग आतली.
सिस्टर म्हणाल्या, रॅकेटी चोरीला जातील.
"जाऊ देत."
गेल्या, दोन.

त्यानंतर रविवारी दुपारी, दिवाळीत,
मे महिन्यात पंख्याशिवाय
त्या तिथं बसलेल्या असायच्या.
गुडघ्यांनी जिना सोडला,
पण खोली जिन्याखालीच होती, ते बरं.
सिरिल सांगायचा,
एकतिसाव्या मण्याशी ओठ थांबतात.
मागच्या बायका पुढे निघून जातात.

टीचर गेल्या तेव्हा मी नाशकात नव्हते.
परवा मुलीच्या दाखल्यासाठी शाळेत गेले.
नवा कक्ष वरच्या मजल्यावर, काचेचा,
भेटीची वेळ आधी ठरवून.

जिन्याखालचं दार तेच.
चौकटीवर स्क्रूची चार भोकं,
रंगाचे इतके हात बसूनही बुजली नाहीत.
ढकललं तर उघडलं.
झाडू, फिनेल, जगाचा एक नकाशा,
आणि एक खुर्ची.

मुलगी बाहेरून हाका मारत होती, आई चल, उशीर होतोय.
मी म्हटलं थांब.
मधल्या सुट्टीची घंटा झाली होती.
म्हटलं, पाच मिनिटं बसते,
कुणी आलंच तर.